सिॲटलच्या नगरसेविका क्षमा सावंत: काम किती, कल्ला किती?

नवा_पाहुणा (धागाकर्ता)
गेल्या वर्षी नाशिकहून सिॲटलला आलो. कॅपिटॉल हिलवरच्या एका कॅफेत रोज जातो. तिथल्या मुलीला गप्पांच्या ओघात पगाराचं विचारलं (नाशिकची सवय, जाता जात नाही). म्हणाली, तासाला वीस डॉलरच्या वर मिळतात, "थँक्स टू क्षमा". मला वाटलं मालकीण असेल. घरी येऊन शोधलं तर निघाली पुण्यात जन्मलेली, मुंबईत वाढलेली बाई, दहा वर्षं इथली नगरसेविका. स्वतःला उघड समाजवादी म्हणवणारी.

आमच्या प्रभागात नगरसेवक म्हणजे खांबावरचा दिवा, गटाराचं झाकण, दाखल्यावर सही आणि वाढदिवसाचा फ्लेक्स. या बाईंच्या नावावर किमान वेतन, भाडेकरूंचे कायदे, जातिभेदाला बंदी, झालंच तर सीएएविरोधी ठराव. नऊ जणांच्या सभागृहात एकटीने हे सगळं? की जे होणारच होतं त्याच्यापुढे जाऊन माइक धरला? जुन्या सिॲटलकरांनी सांगा. धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

खडूस_काका
बसलो पॉपकॉर्न घेऊन. सावंत म्हणजे मालवणी का हो? मग भांडणाचं वेगळं कारण शोधायला नको. हलके घ्या.

माधवी_र
काका, माहेर तमिळ आहे, रामानुजम. सावंत हे पहिल्या लग्नाचं आडनाव. मुंबई विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स, १९९४. मग अमेरिकेत येऊन तो धंदा सोडला आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधून अर्थशास्त्रात पीएचडी केली. २००६ पासून सिॲटलमध्ये, कॉलेजात शिकवायच्या.

खडूस_काका
म्हणजे सावंतवाडीला श्रेय नाही. रुमाल उचलतो.

रेनियर_दर्शन
मी २००९ पासून इथे आहे, २०१३ ची निवडणूक डोळ्यांनी पाहिलीय. तेव्हा प्रभाग नव्हते, नऊही जणांना सगळं शहर निवडायचं. समोर रिचर्ड कॉनलिन, १६ वर्षं सभागृहात बसलेले, तसे सज्जन, पर्यावरणवाले. सावंतबाईंची लाल पत्रकं खांबाखांबांवर, त्यावर ठळक '१५ डॉलर', म्हणजे तासाचं किमान वेतन. आम्ही ऑफिसात हसायचो.

इथे मतदान टपालाने होतं. मतपत्रिका दोन-अडीच आठवडे आधी घरी येते, शिवाय सगळ्या उमेदवारांची माहिती देणारं एक पुस्तक. मी मतपत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली लावतो, त्यावर दुधाचे डाग पडतात, आणि शेवटच्या संध्याकाळी धावत जाऊन पेटीत टाकतो. आळशी लोक आणि तरुण भाडेकरू (हे दोन गट बरेचसे एकच) असंच करतात, आणि त्यांची मतं मागाहून मोजली जातात. त्यामुळे पहिल्या रात्री बाई मागे. मग रोज दुपारनंतर नवे आकडे यायचे आणि अंतर घटायचं. ऑफिसातलं हसू चौथ्या दिवशी थांबलं. दहाव्या दिवशी कॉनलिननी हार मानली. फरक तीन हजारांच्या थोडा वर.

२०१९ ला पुन्हा तेच. ॲमेझॉनने शहराच्या निवडणुकीत चेंबर ऑफ कॉमर्सच्या समितीमार्फत जवळजवळ १५ लाख डॉलर ओतले. पहिल्या रात्री बाई आठ टक्क्यांनी मागे, शेवटी चार टक्क्यांनी पुढे. माझा शेजारी एरवी तिच्या नावाने बोटं मोडणारा. तो म्हणाला, एवढे पैसे आले म्हणूनच यंदा हिला दिलं.

आकडेमोड
रेनियर, गोष्ट छान. पण १५ डॉलरचं श्रेय एका नावावर लिहू नका. न्यूयॉर्कच्या फास्टफूड कामगारांचे संप २०१२ चे. विमानतळाला खेटून असलेल्या सीटॅक गावाने २०१३ लाच जनमत घेऊन १५ मंजूर केले. इथे महापौर एड मरेंनी मालक आणि कामगार संघटनांना एका टेबलाशी बसवलं, तडजोड त्या टेबलावर झाली: मोठ्या कंपन्यांना लवकर, छोट्यांना सात वर्षांपर्यंत सवलत. २ जून २०१४ ला सभागृहात ९-०. बाईंना ते टप्पे मान्य नव्हते, त्यांनी मांडलेल्या बहुतेक दुरुस्त्या पडल्या. म्हणजे जो कायदा झाला तो त्यांच्या मनासारखा नव्हताच.

रेनियर_दर्शन
आणि ते टेबल कोणी मांडायला लावलं? बाहेर त्यांचे लोक जनमतासाठी सह्या गोळा करत होते. तुम्ही करा, नाहीतर आम्ही थेट मतदारांकडे जातो, तिथे टप्पेबिप्पे मिळणार नाहीत. मंडईत भाव पाडायचा तर पुढच्या गाड्याकडे दोन पावलं टाकून दाखवावी लागतात. ती दोन पावलं बाईंची.

आकडेमोड
मंडईचं मान्य. सह्यांचा धाक होता.

अर्धा_कप
मंडईत गाडेवालीची बाजूपण ऐका. मी इथे एका छोट्या उपाहारगृहात भागीदार आहे, अकरा माणसं. कायद्यात छोट्यांना टिप पगारात धरायची मुभा होती, ती २०२४ अखेर संपली. १ जानेवारी २०२५ ला ताशी १७.२५ वरून एकदम २०.७६. त्या आठवड्यात आम्ही दोघं रात्री मेनू कार्ड घेऊन बसलो. मिसळीवर दीड डॉलर वाढवला. मंगळवार बंद केला. भांडी घासणारा एक जण कमी झाला, त्याच्या जागी मी उभी राहते.

पण हेही लिहिते: जे दहा उरले त्यातले सात तेव्हापासून टिकून आहेत. पूर्वी दर तीन महिन्यांनी नवा माणूस शिकवायला लागायचा, तो कांदा कसा कापतो इथपासून. हा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा मला कळत नाही. राग आहे, पण बाईंवर आहे की जागेच्या भाड्यावर, ते रोज बदलतं.

आकडेमोड
अर्धा_कप, तुमच्या दहा ओळींवर दोन विद्यापीठांनी २०१७ ला भांडण केलं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा गट म्हणाला, कमी पगाराच्या लोकांचे तास ९ टक्क्यांच्या आसपास घटले, महिन्याला सरासरी १२५ डॉलर हातचे गेले. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचा गट म्हणाला, खानपान धंद्यात पगार वाढले, नोकऱ्या गेल्या नाहीत. दोन्ही अहवाल एकाच आठवड्याच्या आगेमागे. पुढे वॉशिंग्टनवाल्यांनीच आणखी खोदलं तेव्हा दिसलं, जे आधीपासून कामावर होते त्यांचं भलं झालं, नव्याने येणाऱ्यांना दार अरुंद झालं. तुमचे टिकलेले सात आणि गेलेला एक, दोन्ही त्यात बसतात.

तिरपागडा
मिसळ किती डॉलरला पडते म्हणालात? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अर्धा_कप
तिरपागडा, केला. कट मात्र एकदाच फुकट.

गिरगावकर
भाडेकरूंच्या कायद्यांबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. मी पागडीच्या चाळीत वाढलो. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने आमचं भाडं गोठवलं. मालक म्हणायचा, या भाड्यात मी जिन्याची फळी बदलू का? आम्ही म्हणायचो, मग फळी आम्ही बदलतो. शेवटी कोणीच बदलली नाही, आणि आजी एका पावसाळ्यात त्याच जिन्यावरून घसरली. तेव्हापासून 'भाडे नियंत्रण' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सावंतबाई तेच मागत होत्या ना?

माधवी_र
मागत होत्या, मिळालं नाही. वॉशिंग्टन राज्यात १९८१ पासून शहरांना भाडे नियंत्रण करायला बंदी आहे. त्यांनी २०२३ ला असा कायदा मांडला की राज्याने बंदी उठवली तर सिॲटलमध्ये नियंत्रण आपोआप लागू व्हावं. सभागृहाने तो पाडला.

जे झालं ते वेगळं, आणि आजीच्या जिन्याशी त्याचा संबंध आहे. २०१६ चा कायदा असा की घर राहण्यालायक नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मालकाला भाडं वाढवताच येत नाही. आधी फळी, मग भाडं. त्याशिवाय भाडेवाढीची सूचना १८० दिवस आधी, हिवाळ्यात आणि शाळेचं वर्ष चालू असताना घर खाली करायला लावण्यावर निर्बंध. मी स्वतः १८० दिवसांवर तरलेय. माझ्या मालकाने (नाव नको) नोटीस दारावर चिकटवली होती, भाडं ३४० डॉलरने वर. पूर्वीचा नियम असता तर मुलाची शाळा मध्येच बदलावी लागली असती. सहा महिने मिळाले, जूनमध्ये सावकाश सामान हलवलं.

गिरगावकर
'आधी फळी मग भाडं' हे पटलं. आमच्याकडे उलट चालायचं, किंवा काहीच चालायचं नाही.

आकडेमोड
अवांतर: २०२५ ला राज्यानेच वर्षाला ७ टक्के अधिक महागाई, किंवा १० टक्के, यातलं जे कमी त्यावर भाडेवाढ रोखली. तेव्हा बाई सभागृहात नव्हत्या.

घाटावरची
धागाकर्त्याने नगरसेवक म्हणजे गटार आणि दाखला लिहिलंय, त्यावरून आठवलं. मृणालताई गोरे १९६१ ला मुंबई पालिकेत गेल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी इतकं भांडल्या की नावच पडलं पाणीवाली बाई. पुढे महागाईविरोधात अहिल्याताई रांगणेकरांबरोबर लाटणं घेऊन रस्त्यावर. आमची आत्या त्या मोर्चात होती. ते लाटणं घरी अजून आहे, एका टोकाला चीर गेलीय, पोळ्या त्यानेच होतात. तेव्हा सभागृहात एक पाय आणि रस्त्यावर एक पाय हे सिॲटलने शोधलेलं नाही.

खडूस_काका
घाटावरची, आत्याच्या लाटण्याचा फोटो टाका. सीएए, भाडं, वेतन सगळं बाजूला.

तर्कट
आता नावडतं लिहितो. मृणालताईंशी तुलना मला पटत नाही. पाणी हा पालिकेचा विषय. ३ फेब्रुवारी २०२० ला सिॲटलने सीएए-एनआरसीविरुद्ध एकमताने ठराव केला. साडेसात लाख वस्तीच्या शहराने दिल्लीला पत्र लिहून काय होणार? ज्यांचा फुटपाथ तुटलाय त्यांनी कोणाकडे जायचं? बाईंच्या प्रभागातली ही तक्रार जुनी आहे, कार्यालयात फोन केला तर मोर्चाचं निमंत्रण मिळतं. आणि २०२३ चा जातीचा कायदा. मी जात मानत नाही, माझ्या मुलांना ती माहीतही नाही. असा कायदा आला की ऑफिसातला गोरा साहेब प्रत्येक भारतीय नावाकडे संशयाने बघणार. हिंदू अमेरिकन फाउंडेशन वगैरेंनी हाच मुद्दा मांडला होता. वंश आणि मूळ देश यांवरून भेदभावाला आधीच बंदी होती, ती पुरेशी नव्हती?

निळी_शाई
तर्कट, तुमच्या मुलांना जात माहीत नाही. माझ्या मुलीला माहीत आहे. ती नऊ वर्षांची असताना एका गणपतीला (मंडळाचं नाव घेत नाही) एका काकूंनी तिला प्रसाद देता देता विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले? नाही, म्हणजे आडनावावरून कळेना." तिने सांगितलं. काकू हसून "अच्छा" म्हणाल्या. बस्स, एवढंच. मुलीने गाडीत विचारलं, त्या अच्छा असं का म्हणाल्या? तो 'अच्छा' तुम्ही कधी ऐकला नसेल. आमच्या घरात तो तीन पिढ्या ऐकतात.

मी २१ फेब्रुवारी २०२३ ला सिटी हॉलमध्ये होतो. बोलायला प्रत्येकाला अगदी थोडा वेळ, समोर घड्याळ उलटं चालतं. दोन्ही बाजूंची माणसं होती, एकमेकांच्या ओळखीची. माझ्या मागच्या रांगेत विरोधाचा फलक धरलेले गृहस्थ होते, त्यांच्याच गाडीतून मी दोन वर्षं ऑफिसला गेलोय. आम्ही एकमेकांना मान हलवून नमस्कार केला. मतदान ६ विरुद्ध १. भारतीय उपखंडाबाहेर जातिभेदाला बंदी घालणारं हे पहिलं शहर. कायद्यात झालं एवढंच की नोकरी, घर, सार्वजनिक सेवा यांत भेदभाव करू नये अशा यादीत वंश, धर्म, लिंग यांच्या शेजारी 'जात' हा एक शब्द वाढला. धर्माचं नाव नाही, देशाचं नाव नाही. आणि मूळ देशाचं म्हणाल, तर मला अडवणाराही माझ्याच देशाचा असतो. 'मूळ देश' या कलमाखाली मी ते सांगणार कसं?

अजून एक. १९१६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात जातीवर निबंध वाचला, त्यात ज्ञानकोशकार केतकरांचा हवाला आहे: हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. केतकर त्याआधी कॉर्नेलमध्ये याच विषयावर शिकून गेले होते. म्हणजे दोन मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बसून हे ओळखलं. सिॲटलला जरा उशीरच झाला.

तर्कट
तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण 'अच्छा'वर कायदा लागत नाही ना? कायदा नोकरी आणि घराचा. तिथे किती तक्रारी आल्या?

निळी_शाई
'अच्छा'वर लागत नाही. ज्याच्या हातात माझी बढती आहे त्याने 'अच्छा' म्हटलं की लागतो. तक्रार मोजायची तर आधी फॉर्मवर रकाना हवा. तो आत्ता आला.

स्लीपरक्लास
निळी_शाई यांना +१. बाकी प्रतिसाद काढून टाकला आहे.

संपादक
दोन प्रतिसाद वैयक्तिक शेऱ्यांमुळे अप्रकाशित केले आहेत. मुद्द्यावर बोला. व्यनितली भांडणं व्यनितच ठेवा.

आकडेमोड
जातीच्या कायद्याचं पुढे काय झालं तेही लिहितो. २०२३ लाच कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराने तशीच बंदी केली. राज्यपातळीवरचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. कारण दिलं, सध्याच्या कायद्यात हे येतंच. तर्कट यांचा मुद्दा.

वाटसरू
सगळे जिंकलेलंच सांगताय, हरलेलं मी सांगतो. २०१८ ला मोठ्या कंपन्यांवर दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलर कर, पैसा बेघरांच्या घरांसाठी. मे महिन्यात एकमताने मंजूर. जूनमध्ये त्याच सभागृहाने ७-२ ने रद्द. महिनाही टिकला नाही. रद्द करायला विरोध करणारी दोन मतं सावंत आणि दुसऱ्या नगरसेविका टेरेसा मोस्केडा यांची. २०२० ला मोस्केडांनी सहकाऱ्यांची मोट बांधून मोठ्या कंपन्यांच्या वेतनखर्चावर कर आणला, तो टिकला आणि वर्षाला २० कोटींच्या वर डॉलर देऊ लागला. माझ्या मते धागाकर्त्याच्या प्रश्नाची ही खरी चाचणी. बाई दार वाजवतात. आत बसून कागद लिहिणारी माणसं वेगळी लागतात, आणि बाईंचं त्यांच्याशी कधी जमलं नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाविरुद्ध मत, २०१८ च्या पोलिसांच्या कराराविरुद्ध एकटीचं मत. डेमोक्रॅटांना तर रिपब्लिकनांपेक्षा जास्त शिव्या.

रेनियर_दर्शन
दार कोणी वाजवलं नसतं तर आतल्यांनी कागद काढला असता का? पगाराचंही सांगा की. नगरसेवकाला वर्षाला लाखाच्या वर डॉलर मिळायचे, त्या ४० हजार ठेवून बाकी आंदोलनांच्या निधीला द्यायच्या.

वाटसरू
हो, ते मानतो. पण पालिकेची साधनं कर आंदोलनासाठी वापरल्याबद्दल दंडही भरलाय. त्यातूनच मुदतीआधी पदावरून परत बोलावण्याची निवडणूक झाली, डिसेंबर २०२१. आरोप तीन: तो साधनांचा वापर, कोविडमध्ये निदर्शकांना रात्री सिटी हॉलमध्ये घेणं, आणि महापौर डर्कन यांच्या घरावर गेलेला मोर्चा, ज्यांचा पत्ता सुरक्षेसाठी गुप्त होता. बाई ३१० मतांनी वाचल्या. ४१ हजार मतांत ३१०.

माधवी_र
त्या ३१० मध्ये मी आहे. पेटी बंद व्हायला दहा मिनिटं असताना टाकलं, पाऊस होता, पाकिटावरची सही फिसकटली. दोन दिवसांनी ऑनलाइन तपासलं, स्वीकारली होती. महापौरांच्या घरावर जाणं मला अजिबात आवडलं नव्हतं. पण नोटीस माझ्या दारावर चिकटली होती, महापौरांच्या नाही.

तिरपागडा
मग आता कुठे आहेत बाई?

रेनियर_दर्शन
२०२३ ला पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. कामगारांची 'वर्कर्स स्ट्राइक बॅक' ही चळवळ काढली. २०२५ ला काँग्रेससाठी ॲडम स्मिथ यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. काका, काँग्रेस म्हणजे इथली संसद, आपली नव्हे.

खडूस_काका
मी काही बोललो का?

घाटावरची
२०२५ च्या सुरुवातीला आई बंगळुरूत आजारी असताना त्यांना भारताचा व्हिसा नाकारला, ते वाचलं होतं. नवऱ्याला मिळाला, त्यांना नाही. इथल्या वकिलातीत त्या जाऊन बसल्या. सीएएवर कोणाचं काहीही मत असो, आजारी आईकडे जाऊ द्यावं.

तर्कट
इथे मी घाटावरचीशी सहमत. आईच्या वेळी राजकारण नको.

निळी_शाई
+१. तर्कट, आपण दोघं एका ओळीत. स्क्रीनशॉट घेतला.

नवा_पाहुणा (धागाकर्ता)
एवढं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. मी वाटसरू यांच्या बाजूला अर्धा आणि रेनियर यांच्या बाजूला अर्धा आहे, म्हणजे निर्णय झालेला नाही. घाटावरची, गटार आणि दाखला हे जरा उथळ लिहिलं, मागे घेतो. अर्धा_कप, शनिवारी येतो, कट विकत घेईन.

आज कॅफेतल्या त्या मुलीला विचारलं, वीस डॉलरमध्ये इथे राहणं परवडतं का? म्हणाली, इथे कोण राहतं, केंटहून येते, जायला-यायला रोज दोन तास. मग मला विचारलं, तू मत देतोस का? म्हटलं, एच-वन, मत नाही. तिने बिलाच्या मागे पेटी कुठे आहे त्याचा नकाशा काढून दिला, पुढेमागे लागेल म्हणून. कॉलेजसमोरची पेटी.

रेनियर, ते उमेदवारांचं पुस्तक जुनं असेल तर द्याल का वाचायला?

रेनियर_दर्शन
पाच-सहा वर्षांची साठवलीत, बायको रद्दीत काढायच्या आत ये. २०१३ चं मात्र नाही देणार.